पंचगंगेच्या काठचं गवत आणि आपला 86032

आजची नोंद खताची नाही, हुमणीची नाही, दराची तर अजिबात नाही. आजची नोंद एका गवताची आहे. जरा लांबण लागंल, पण उसातला माणूस असाल तर शेवटपर्यंत वाचा.

2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमचा नदीकडचा 30 गुंठ्यांचा तुकडा आठ-नऊ दिवस पाण्याखाली होता. आडसाली लागण, 86032, भरणी झालेली, वर सोसायटीचं कर्ज. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी पाय टाकता आला. सुरळीत गाळ बसून शेंडे कुजलेले, कांडीवर मुळ्या सुटलेल्या, जो ऊस उभा होता त्याला पांगशा फुटलेल्या. वास असा की थांबवत नव्हतं.

पण बांधाच्या पलीकडं, अगदी काठाला, ते पांढऱ्या तुऱ्याचं गवत असतंय बघा, शरदात नदीकाठ सगळा पांढरा करून टाकणारं, त्याला काही झालं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. आमच्या उसाच्या आधी ते पाण्यात गेलं होतं आणि उसाच्या नंतर ते पाण्यातून बाहेर आलं. मी शेतात पाय टाकला तेव्हा त्याला हिरवे कोंब निघालेले होते. मला त्या दिवशी त्या गवताचा राग आला. आपलं सगळं गेलं आणि हे फुकटचं जगलं.

पुढं एका ऊस शास्त्रज्ञांच्या कार्यक्रमात मी हे बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "तुमचा ऊस त्याच गवताचा नातू आहे. पाहुण्यावर कशाला रागावताय?" मला वाटलं साहेब चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. तेव्हापासून जमेल तसं वाचत, विचारत गेलो. त्यातलं जे पक्कं कळलं ते इथं मांडतोय.

या गवताला हिंदीत कांस म्हणतात, संस्कृतात काश. शास्त्रीय नाव सॅकरम स्पॉन्टेनियम. आमच्याकडं त्याला नुसतं "नदीचं गवत" म्हणतात, आणि मुळ्या काढता काढता जीव जातो म्हणून शिव्या देतात. पण सॅकरम हे घराणं उसाचं आहे. जाड, रसाळ, गोड ऊस, ज्याला शास्त्रज्ञ सॅकरम ऑफिसिनॅरम म्हणतात, तो मूळचा न्यू गिनी बेटाकडचा. उत्तर हिंदुस्थानात पूर्वापार होता तो बारीक, काटक, बोरूसारखा ऊस, त्याचं नाव सॅकरम बार्बेरी. आणि हे काठावरचं गवत म्हणजे याच घराण्यातला जंगली भाऊ. साखर जवळजवळ नाही, चोथा भरपूर, पण मरायचं नाव घेत नाही.

आपल्या दख्खनमध्ये शंभर वर्षांपूर्वी होता तो पुंड्या. जुनी माणसं अजून पुंड्याचं नाव निघालं की हळवी होतात. आमचा आजा सांगायचा, पुंड्या दातानं सोलून खायचा ऊस, आणि त्याच्या गुळाला जो रंग यायचा तो पुन्हा कधी आला नाही. आज्याच्या सांगण्यात थोडं तरुणपणही मिसळलेलं असणार, पण पुंड्या हा जाड, गोड जातीचा ऊस होता हे खरं. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी केली, तेव्हा त्या पेठेत येणारा गूळ अशाच जुन्या उसांचा. पण पुंड्याचं दुखणं असं, की त्याला पाणी भरपूर, खत भरपूर, राखण भरपूर लागायची. एकरी टनेज आजच्या मानानं कमी, फुटवे कमी, खोडवा तर नावालाच.

जगभर हेच होतं. जाड, गोड ऊस सगळे नाजूक. 1880 च्या दशकात जावा बेटावर सेरेह नावाचा रोग आला आणि डच लोकांचे मळेच्या मळे बसले. तिथला मुख्य ऊस काळा चेरिबॉन. रोगाला औषध नाही, बेणं बदललं तरी वर्ष-दोन वर्षांत परत तेच.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. तोपर्यंत उसाला बी असतं आणि ते उगवतं, हेच कुणी नीट मानत नव्हतं. ऊस म्हणजे कांडी लावायची, डोळा फुटायचा, परत तोच ऊस. आज आपण लावतो तो 86032 चा प्रत्येक डोळा हा एकाच मूळ रोपाचा तुकडा आहे, कोट्यवधी वेळा तोडलेला. तुरा येतो, वाऱ्यावर म्हाताऱ्या उडतात, संपलं. पण 1887-88 च्या सुमारास जावात सोल्टवेडल यांनी, आणि तिकडं बार्बाडोस बेटावर हॅरिसन आणि बॉव्हेल यांनी, त्या तुऱ्यातल्या बारीक बियांपासून रोपं उगवून दाखवली. बी डोळ्याला दिसत नाही इतकं लहान. पण त्यातून येणारं प्रत्येक रोप वेगळं. म्हणजे उसाचंही लग्न लावता येतं. तिथनं पुढचा सगळा इतिहास सुरू होतो.

जावात चेरेमाई डोंगराच्या उतारावर कासूर नावाचा एक रानटी ऊस सापडला. त्याला सेरेह लागत नव्हता. तो कुणी केलेला नव्हता, काळ्या चेरिबॉनचा आणि तिथल्या ग्लगाह गवताचा आपोआप झालेला संकर होता. ग्लगाह म्हणजे तेच, आपलं नदीचं गवत, स्पॉन्टेनियम. डचांनी कासूर घेतला आणि जाड उसाशी जुळवला. पहिली पिढी बारीक, कमी गोडीची. ती परत जाड उसाशी जुळवली. परत. दर वेळी गोडी आणि जाडी वाढत गेली आणि गवताचा काटकपणा तेवढा मागं राहिला. याला ते लोक "उसाला खानदानी करणं" अशा अर्थाचा शब्द वापरायचे. 1921 मध्ये येस्वित यांनी त्यातनं पी.ओ.जे. 2878 काढला. पी.ओ.जे. म्हणजे पूर्व जावा प्रयोग केंद्र. 1920 चं दशक संपायच्या आत जावाचा बहुतेक ऊस हाच झाला होता, आणि जावाची साखर जहाजानं हिंदुस्थानात येऊन आपल्या गुळाच्या उरावर बसली होती.

आता आपल्याकडं. 1912 मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. कोइमतूरच का, तर तिथं उसाला तुरा येतो आणि बी धरतं. उत्तरेत ऊस भरपूर, पण थंडीमुळं बी धरत नाही. म्हणजे ऊस पिकवायचा पंजाब-बिहारात आणि त्याचं लग्न लावायचं तमिळ मुलखात. केंद्राचे पहिले प्रमुख चार्ल्स बार्बर, वनस्पतिशास्त्रज्ञ. बार्बेरी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांच्या हाताखाली टी. एस. व्यंकटरामन.

बार्बर यांनी जे केलं ते त्या काळी बऱ्याच जणांना खुळ्यासारखं वाटलं असणार. त्यांनी वेल्लै नावाचा तिथला जाड गोड ऊस आई म्हणून घेतला, आणि बाप म्हणून कोइमतूरच्या आसपास रानात वाढणारं हे गवत. सरळ गवत. डचांना निदान कासूर आयता मिळाला होता. इथं काठावरचं तण उचलून आणलं. त्या संकरातनं को 205 निघाला. को म्हणजे कोइमतूर. 1918 मध्ये तो लागवडीला दिला. पंजाबात तेव्हाचा स्थानिक ऊस होता काठा, त्याच्यापेक्षा को 205 चं उत्पादन जवळजवळ दीडपट आलं. थंडी सोसली, पाण्याची ओढ सोसली. दिसायला बोरूच, पण शेतकऱ्याला टनाशी काम.

हे कसं जमलं त्यातली एक मेख सांगतो, कारण मला ती फार आवडली. साधारणपणे संकरात आई आपले अर्धे गुणसूत्र देते, बाप अर्धे. जाड उसाचे गुणसूत्र 80. म्हणजे आईकडनं 40 यायला पाहिजेत. पण जाड ऊस आई आणि हे गवत बाप, असं लग्न लावलं तर आई बहुतेक वेळा आपले अख्खे 80 देऊन मोकळी होते. बाप मात्र अर्धेच देतो. त्यामुळं पहिल्या पिढीतच आईची गोडी जास्त उतरते. जावात ब्रेमर नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1920 च्या दशकात मोजून दाखवलं. उलट लग्न लावलं, म्हणजे गवत आई, तर हा फायदा मिळत नाही. निसर्गानं उसाला दिलेलं हे एक जादाचं माप आहे म्हणा.

आज आपल्या शेतात जो कुठलाही सुधारित ऊस आहे त्याच्या शंभर ते एकशे तीस गुणसूत्रांत बहुतेक भाग जाड उसाचा आणि साधारण 10 ते 20 टक्के या गवताचा असतो. रुपयात दहा-वीस पैसे. पण फुटवा, खोडव्याचा जोर, रोगाशी झुंज, ताण सोसणं हे बरंचसं त्या दहा-वीस पैशांत आहे. ज्या पुंड्याचा खोडवा नावाला होता, त्याच्या जागी आपण आज खोडवा, निडवा घेतो ते कुणाच्या जिवावर, हे आता कळलं असंल.

बार्बर 1919 मध्ये निवृत्त झाले आणि व्यंकटरामन पुढं आले. पुढं ते सर झाले. त्यांनी ऊस कशाकशाशी जुळवून बघितला याची यादी वाचली तर हसू येतंय, ज्वारीशीसुद्धा जुळवला. पण आपल्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 1933 चा को 419. जुन्या माणसांचा "चारशे एकोणीस". त्याची आई जावाचा पी.ओ.जे. 2878 आणि बाप को 290. म्हणजे ज्या जावाच्या साखरेनं आपल्याला मारलं त्याच जावाचा ऊस घरात आणून व्यंकटरामननी आपला ऊस उभा केला. तसं तर जावानंही आपल्याकडनं नेलंच होतं: आपला चुन्नी नावाचा बारीक ऊस नेऊन त्यांनी पी.ओ.जे. 213 केला, तो परत कोइमतूरला आला आणि त्यापासून को 213 झाला. सोयरीक दोन्हीकडनं होती.

को 419 दख्खनमध्ये आला आणि पुंड्या गेला. वेळही जुळून आली होती. 1932 मध्ये साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, कारखाने निघायला लागले, त्याच वर्षी नीरेच्या काठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. कोइमतूरला लग्न लावायचं आणि पाडेगावला पोर पारखायचं, अशी वाटणी पडली. नंतर को 740 आला. आमच्या वडिलांचा सगळा संसार 740 वर झाला. बैलाची मोट गेली, इंजिन आलं, नदीवर कोल्हापुरी बंधारे झाले, आणि शेतात 740. पण 740 ला काणी लागायची. चाबकासारखे काळे शेंडे बाहेर पडायचे. वडील पोतं घेऊन सरीतनं फिरायचे, शेंडा अलगद पोत्यात घालून मग कापायचे, म्हणजे काळी भुकटी उडू नये. मी लहान असताना पोतं धरायचं काम माझं.

आता 86032 वर येतो. आधी नाव वाचायला शिका, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जुन्या जातींना नुसता अनुक्रमांक असायचा: 205, 419, 740. नंतर आकड्यात साल घालायला लागले. 86032 म्हणजे 1986 सालचा 32 वा. 671 म्हणजे 1967 चा पहिला. को च्या पुढं सी आहे तो कडलूर केंद्राचा. फुले 265 म्हणजे कोएम 0265, 2002 सालचा 65 वा, आणि एम म्हणजे महाराष्ट्र.

86032 ची आई को 62198 आणि बाप कोसी 671. बापाकडनं मागं जाऊ. 671 ची आई ऑस्ट्रेलियातला क्यू 63 आणि बाप को 775. को 775 ची आई पी.ओ.जे. 2878. त्याची आई पी.ओ.जे. 2364. तिचा बाप कासूर. आणि कासूरचा बाप ग्लगाह, जावातल्या डोंगरावरचं गवत. मोजा: सहा पिढ्या. भाट-गुरवाकडं गेलं तर आपल्याला स्वतःच्या सहा पिढ्या सांगता येत नाहीत, पण उसाच्या सांगता येतात. साहेब "नातू" म्हणाले होते, तो नातू नाही, खापरपणतूच्याही पुढचा निघाला. पण पाहुणा खरा.

हे सगळं वाचताना मला आनंदच होत होता. मग एके ठिकाणी थांबलो.

उत्तर प्रदेशात को 0238 नावाच्या जातीनं चमत्कार केला. कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी काढलेली, 2009 ची जात. साखर उतारा वाढला, टनेज वाढलं, बघता बघता तिथल्या उसाचं 80 टक्क्यांच्या वर क्षेत्र या एका जातीखाली गेलं. आणि मग तिला लाल कूज लागली. कांडं उभं चिरलं की आत लाल, मधे पांढरे पट्टे, दारूसारखा आंबूस वास. शेतंच्या शेतं वाळली. जात वाईट नव्हती. सगळीकडं तीच होती, हे वाईट होतं. बुरशीनं एक कुलूप उघडलं आणि सगळ्या गावाची घरं त्याच किल्लीची निघाली.

आता त्या 0238 चा बाप कोण, तर को 775. आपल्या 86032 चा आजा कोण, तर तोच को 775. मी वहीत दोन्ही झाडं शेजारीशेजारी काढली आणि बघत बसलो. नर्मदेच्या अलीकडं एक राजा, पलीकडं दुसरा, आणि दोघं एकाच घरातले.

नुसते हे दोनच नाहीत. जगातल्या सगळ्या सुधारित उसाची मुळं शोधत गेलं तर ती वीसएक जाड ऊस आणि दहाच्या आत गवताची रोपं, एवढ्यावर येऊन थांबतात. काश गवत सगळ्या आशियात आणि आफ्रिकेतही वाढतं, हिमालयाच्या पायथ्यापासून खाऱ्या किनाऱ्यापर्यंत. काहींचे गुणसूत्र 40, काहींचे 128. एवढ्या अफाट गोतावळ्यातनं आपण पाच-दहा पाहुण्यांनाच घरात घेतलं, आणि शंभर वर्षं त्यांच्याच पोराबाळांची आपसात लग्नं लावत आलो. आपल्याकडं सोयरीक जुळवताना कूळ बघतात ते उगाच नाही.

हे फक्त उसाचं नाही. पामतेलाचं ऐका, कारण आपल्या कढईत आज तेच जास्त. तेलताड मूळचा आफ्रिकेचा. 1848 मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत लावली. परत जावाच बघा. चार. त्या चार झाडांच्या वंशावर मलेशिया आणि इंडोनेशियातले लाखो एकर मळे उभे राहिले. शंभर-सव्वाशे वर्षं गेल्यावर मलेशियाच्या लोकांच्या लक्षात आलं की चार झाडांत जेवढं होतं तेवढं काढून झालंय. तेव्हा 1973 मध्ये ते नायजेरियात गेले, रानातनं, गावांच्या कडेनं घड गोळा केले आणि बी घरी आणून लावलं. त्यात कमी उंचीची, जास्त घडांची झाडं निघाली. काहींचं तेल पातळ राहणारं निघालं. झाड बुटकं म्हणजे काढणी सोपी आणि मळा जास्त वर्षं ठेवता येतो. जे पाहिजे होतं ते शेवटी रानात मिळालं, फक्त जाऊन आणायला लागलं.

उसात आपल्या लोकांनी हे त्यांच्या आधी सुरू केलं होतं, याचा मला अभिमान वाटतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला कोइमतूर केंद्रानं काश गवत गोळा करायची मोहीमच काढली. नद्या, ओढे, डोंगर धुंडाळून माणसं गवताची ठोंबं घेऊन आली. लोक काय म्हणाले असतील? सरकारी माणूस गवत उपटायला आलाय! जाड उसांचा आणि इतर नातेवाइकांचा संग्रह केरळात कण्णूरला ठेवला आहे. उसाचा जागतिक संग्रह म्हणून ज्या दोन जागा मानतात त्यांतली एक ही, दुसरी अमेरिकेत मायामीला.

कण्णूर म्हणलं की एका बाईंचं नाव घ्यायलाच पाहिजे. जानकी अम्मल. त्याच भागातल्या तेल्लिचेरीच्या, 1897 चा जन्म. अमेरिकेत शिकून डॉक्टरेट घेऊन आलेल्या. 1934 मध्ये त्या कोइमतूरच्या केंद्रात आल्या आणि उसाचे, या गवताचे गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसल्या. त्यांनी ऊस मक्याशीसुद्धा जुळवून दाखवला. पाच-सहा वर्षांत त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं डार्लिंग्टन यांच्यासोबत पिकांच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ काढला, 1945 मध्ये. आपल्या शेतातल्या उसाच्या पोटात काय आहे हे ज्यांनी मोजून ठेवलं त्यांचं नाव आपल्याकडच्या एकाही ऊस मेळाव्यात मी ऐकलेलं नाही. मेळाव्यात औषधांच्या कंपन्यांची नावं मात्र पाठ होतात.

मग एवढा साठा असून नवीन गवताचं रक्त उसात पटापट का येत नाही? मी साहेबांना हेच विचारलं. कारण साधं आहे. जंगली रक्त आणलं की त्याच्याबरोबर नको तेही येतं: चोथा, पोकळपणा, लवकर तुरा, कमी गोडी. ते धुऊन काढायला परत परत जाड उसाशी जुळवायचं, दर पिढीला हजारो रोपं लावायची, त्यातनं मूठभर ठेवायची. एक जात संकरापासून शेतकऱ्यापर्यंत यायला दहा-बारा वर्षं लागतात. जंगलापासून सुरुवात केली तर माणसाची अख्खी नोकरी जाते. निवृत्त होताना हातात काही नसायचं, आणि जात निघंल ती पुढच्या माणसाच्या नावावर. त्यामुळं मंडळी ओळखीच्या, खात्रीच्या आईबापांकडंच वळतात. त्यात त्यांना दोष देता येत नाही. आपण तरी काय करतो? शेजाऱ्याचं बेणं बघतो आणि तेच आणतो.

एक जवळचं सांगतो. आजऱ्यावरनं आंबोलीला पावसात भजी खायला आपण सगळेच जातो. त्या आंबोलीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं ऊस पैदास केंद्र आहे. तिथल्या हवेत उसाला तुरा चांगला येतो, म्हणून तिथं संकर करतात. म्हणजे आता लग्नाला कोइमतूरलाच जायला पाहिजे असं नाही. पुढच्या वेळी धबधब्यावर फोटो काढाल तेव्हा तेवढं ध्यानात असू द्या.

आता माझ्या तुकड्याकडं येतो. 2019 नंतर सगळ्यांनी सांगितलं, तिथं 265 लाव. फुले 265 ची शिफारस क्षारपड जमिनीसाठीही आहे, आणि पाण्यात तो जरा जास्त दम धरतो असं नदीकाठचे बरेच जण सांगायचे. मी अर्ध्या तुकड्यात 265 आणि अर्ध्यात 86032 लावला. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं, 2019 पेक्षाही वर. या खेपेला पाणी उतरल्यावर 86032 निम्म्याहून जास्त गेला होता, 265 निम्म्याहून जास्त उभा होता. हा माझ्या पंधरा-पंधरा गुंठ्यांचा अनुभव, प्रयोग केंद्राचा निष्कर्ष नव्हे. जमिनीचा उतार, पाणी किती दिवस थांबलं, गाळ किती बसला, सगळ्याचा त्यात हात असतोय.

पण गंमत पुढं. तोडीच्या वेळी आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या चिटबॉयनं 265 ची नोंद बघून तोंड वाकडं केलं. "याला सुरुवातीला उतारा नाही, मागनं बघू." मागनं म्हणजे फेब्रुवारीचा शेवट. तोवर 86032 ची तोड होऊन खोडवा गुडघ्याएवढा आलेला. माझं नुकसान हजारात होतं, पण प्रश्न हजाराचा नाही. शास्त्रज्ञांनी दहा वर्षं घालून वेगळी जात द्यायची, शेतकऱ्यानं धाडस करून लावायची, आणि तोडीच्या यादीत तिला शेवटी टाकायचं. मग दुसऱ्या वर्षी सगळे परत एकाच जातीवर. कारखान्याचं गणित मला कळतं, उताऱ्यावर त्यांचं पोट आहे. पण लवकर, मध्यम, उशिरा पक्व होणाऱ्या जाती ठरवून वाटल्या आणि तोड तशी लावली तर दोघांचंही भागतं. उत्तर प्रदेशाचं उदाहरण कारखान्यांनाही माहीत आहे. ऊसच वाळला तर उतारा कशाचा काढणार?

आणि ते गवत. पुराच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वरच्या अंगाच्या तात्यांनी जेसीबी लावून काठ साफ केला. दोन सऱ्या वाढल्या. गवत मुळासकट गेलं. पुढच्या पावसात त्या दोन सऱ्या आणि त्यांच्याबरोबर आणखी एक सरी नदीनं नेली. तात्या मला म्हणाले, "गवतानं धरून ठेवली होती रं माती." ते बोलले तेव्हा मला या कासूर, ग्लगाहचं काही माहीत नव्हतं, त्यामुळं मी नुसती मान हलवली. आपल्या काठावरच्या गवतात उद्याच्या एखाद्या जातीला लागणारं काही असंल की नाही हे मी सांगू शकत नाही. बार्बर यांनी जे उचललं ते पण कोइमतूरच्या रानातलं साधंच गवत होतं.

यंदा त्या 30 गुंठ्यांत तीन पट्टे केलेत. नदीकडं 265, मधे फुले 10001, वर 86032. बेणं तिन्हीचं बेणेमळ्यातलं आणलंय, कुणाच्या खोडव्याचं नाही, आणि लावायच्या आधी बेणेप्रक्रिया केली आहे. काठाची सहा फूट पट्टी तशीच सोडली आहे. धाकटा भाऊ वाद घालत होता, त्याला वंशावळीचा कागद दाखवला. त्यानं कागद वाचला, खाली-वर बघितला आणि म्हणाला, "बरं, पण त्यातला उंदीर उसात आला तर तू मारायचास." ते कबूल केलंय. परवापासून पिंजरे लावतोय.